बॅकअपमधून ४३ जीबी परस्पर गाळले गेले. हे ठरवतं कोण?

मध्यरात्र

नमस्कार मंडळी. मी व्हिडिओंची उपशीर्षकं लिहिते. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर हजारो चिमुकल्या मजकूर फाइली आणि त्यांच्या जोडीला थोडे जड व्हिडिओ. मागच्या महिन्यात बाहेरची एक मोठी डिस्क घेतली आणि त्यावर बॅकअपचा प्रोग्राम लावला. प्रोग्रामचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मग धागा "ते टाका, हे घ्या" या वळणावर जातो.

पहिला पूर्ण बॅकअप रात्रभर चालला. सकाळी हिरवी खूण, "यशस्वी". इथे शहाणी माणसं डिस्क काढून कपाटात ठेवतात. मला आकडे ताडून बघायची खोड आहे.

विंडोज म्हणतं, सी ड्राइव्हवर २११ जीबी वापरलेले आहेत. बॅकअपचा अहवाल म्हणतो, १६८ जीबी वाचले (कॉम्प्रेस करण्याआधीचा आकडा). मी स्वतः एकही फोल्डर वगळलेलं नाही. सेटिंगमध्ये फक्त एक चौकट आधीपासूनच टिक केलेली होती: "ऑपरेटिंग सिस्टिमने सुचवलेल्या फाइली वगळा".

लॉग उपसला. वगळलेल्यांत पेजफाइल ९.५ जीबी, हायबरफिल ६.४, सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचं कुलूपबंद फोल्डर १७, सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन २.८, आणि टेंप फोल्डर ३.६. बेरीज ३९.३. मग उरलेले ३.७ जीबी गेले कुठे? ते "घेतलं"मध्येही नाहीत आणि "वगळलं"मध्येही नाहीत.

तर प्रश्न दोन. एक, ही "सुचवण" नक्की कुठे लिहिलेली असते आणि ती कोण लिहितं? दोन, जे लॉगमध्येही येत नाही ते कोणी गाळलं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं. "काळजी करू नका" एवढंच लिहिणार असाल तर ते मी स्वतःला सांगून झालंय.

सरळसोट

तरी सांगतो, काळजी करू नका. पेजफाइल आणि हायबरफिल गाळलेलेच बरे, त्यात तुमचं काही नसतं. ३.७ जीबीचं कोडं म्हणजे विनएसएक्सएस, विंडोजच्या स्वतःच्या घटकांचं कोठार. त्या फोल्डरमधल्या फाइली हार्ड लिंक असतात, एकच फाइल दोन ठिकाणी दिसते आणि दोनदा मोजली जाते. तेवढाच फरक. झोपा निवांत.

गंजलेली किल्ली

मध्यरात्र, एवढ्यात झोपू नका.

सरळसोट, हार्ड लिंकचं म्हणणं फोल्डर निवडून बेरीज केली तर बरोबर आहे. पण ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतो तो आकडा फाइली मोजून येत नाही, वापरात असलेले क्लस्टर, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे छोटे ठोकळे, मोजून येतो. एका क्लस्टरला दहा नावं असली तरी तो एकदाच मोजला जातो. त्यामुळे कोडं शाबूत आहे.

मी एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे बॅकअप सांभाळले. या कामात तुमचं नाव लोकांना कळलं म्हणजे समजायचं काहीतरी बुडालं.

आधी पहिला प्रश्न. यादी तुमच्याच मशीनवर आहे, आत्ता उघडून बघता येईल. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची वही, तिचा एडिटर उघडा. एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टिम, मग करंट कंट्रोल सेट, मग कंट्रोल, मग बॅकअप रिस्टोअर. तिथे तीन फोल्डर दिसतील. पहिल्याचं नाव "फाइल्स नॉट टू बॅकअप". नावातच सगळं आलं. बघा, पण हात लावू नका.

त्यात एकेक ओळ म्हणजे एकेकाचा अर्ज. डावीकडे अर्जदाराचं नाव, उजवीकडे मार्ग. "मेमरी पेज फाइल" म्हणते पेजफाइल सोडा. "पॉवर मॅनेजमेंट" म्हणतं हायबरफिल सोडा. "टेंपररी फाइल्स" म्हणतात टेंप फोल्डर सोडा. मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ आणि एस असेल तर आतल्या सगळ्या फोल्डरांसकट सोडा. विंडोजचे वेगवेगळे विभाग इथे आपापली ओळ टाकतात आणि बाहेरचे प्रोग्रामही टाकू शकतात. वरून बसून यादी तपासणारा कोणी नाही. प्रोग्राम काढून टाकल्यावर त्याची ओळ मागे राहिलेली मी कित्येकदा पाहिली आहे. घर सोडून गेलेल्या भाडेकरूची पाटी तशीच दारावर असावी, तशी.

आणि ही यादी म्हणजे विनंती आहे. बॅकअपच्या प्रोग्रामने ती पाळावी अशी अपेक्षा असते, पण विंडोज सक्ती करत नाही. तुमची टिक केलेली चौकट म्हणजे "ही विनंती पाळ" एवढंच.

आता कारणं. "तात्पुरत्या फाइली, म्हणून सोडल्या" हे उत्तर फार ढोबळ आहे. प्रत्येकीचं कारण निराळं.

पेजफाइल म्हणजे मेमरीतून तात्पुरती बाहेर काढून ठेवलेली पानं. मशीन बंद झालं की त्या पानांना अर्थ उरत नाही, आणि पुढच्या वेळी फाइल नसली तर विंडोज नवी बनवतं. शिवाय त्यात तुमचे पासवर्ड, उघडी पत्रं, काहीही पडलेलं असू शकतं. ते आणखी एका डिस्कवर कशाला न्यायचं?

हायबरफिल त्याहून वाईट. तुमची ६.४ जीबी आहे म्हणजे रॅम १६ जीबी असणार, कारण हल्लीच्या विंडोजमध्ये ती सुरुवातीला रॅमच्या ४० टक्के धरलेली असते. मशीन हायबरनेट होताना मेमरी कॉम्प्रेस होऊन तिच्यात उतरते. समजा तीन महिन्यांपूर्वीची हायबरफिल परत आणली आणि मशीन तिच्यातून जागं झालं. त्याच्या समजुतीप्रमाणे अजून तीन महिन्यांपूर्वीचीच रात्र आहे, अमुक फाइल डिस्कवर अमुक जागी आहे. आणि त्या समजुतीवर ते लिहायला लागतं. डिस्कचा चिवडा व्हायला एवढं पुरतं.

सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमध्ये जुन्या रिस्टोअर पॉइंटचे फरक साठवलेले असतात, म्हणजे डिस्कच्या आधीच्या अवस्था. बॅकअप घेतानाच नवा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत, बनतो आणि त्याचाही साठा तिथेच वाढतो. तो बॅकअपमध्ये घ्यायचा म्हणजे सापाने शेपूट गिळायची.

सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशनमध्ये अपडेटची उतरवलेली पुडकी. पुन्हा उतरतात. अपडेटच्या इतिहासाची नोंदही तिथेच असते, ती जाते. मला आजवर तिची उणीव भासलेली नाही.

एक गैरसमज जाता जाता. "चालू असलेल्या फाइली बॅकअपला घेता येत नाहीत म्हणून सोडतात" असं अजूनही लिहिलेलं दिसतं. हे दुखणं जुनं. २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर शॅडो कॉपीची, म्हणजे असा स्नॅपशॉट घ्यायची, सोय आली, २००३ च्या सर्व्हरमध्ये ती नीट रुळली, तेव्हापासून उघडी फाइलही गोठवून वाचता येते. रजिस्ट्रीच्या फाइली रात्रंदिवस उघड्या असतात, तरी त्या वगळलेल्या नसतात. त्यांच्यासाठी वेगळा "रायटर" असतो. बॅकअप सुरू झाला की शॅडो कॉपीची यंत्रणा सगळ्या रायटरांना हाक मारते: तुमचं काय काय आहे, काय घ्यायचं, काय सोडायचं ते सांगा, आणि क्षणभर हात थांबवा. डेटाबेस आपल्या फाइली सांगतो. "सिस्टिम रायटर" ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइलींची लांबलचक यादी देतो, या घेतल्याच पाहिजेत म्हणून. म्हणजे सोडायच्या यादीच्या समोर घ्यायचीही यादी असते. लोक पहिलीबद्दलच बोलतात.

तिसरं फोल्डर "कीज नॉट टू रिस्टोअर", ते परत आणतानाचं. उदाहरणार्थ, कोणत्या डिस्कला कोणतं अक्षर दिलंय त्याची नोंद. नव्या डिस्कवर जुनी नोंद थापली तर सीचं भलतंच काही होऊन बसेल, म्हणून ती सोडतात.

रजिस्ट्रीतली यादी आणि रायटर हे दोन थर झाले, यावर तिसरा थर बॅकअप प्रोग्रामच्या स्वतःच्या पोटातला. काही गोष्टी तो चौकट असो नसो, घेतच नाही. आणि चौथा थर आपण लिहिलेले नियम. इथेच माणसं मरतात. म्हणजे मीच मेलो होतो.

नोकरीला लागून वर्ष झालं असेल. सर्व्हरवर कुठे टेंप, कुठे टीएमपी, कुठे ओल्ड टेंप अशी फोल्डरं माजली होती. मी मोठ्या ऐटीत एक नियम लिहिला: ज्या मार्गात कुठेही "टेंप" ही इंग्रजी अक्षरं येतील तो वगळा. पुढे तारा, मागे तारा (तारा म्हणजे तिथे काहीही असलं तरी चालेल). बॅकअप वीस टक्क्यांनी हलका झाला, साहेबांनी पाठ थोपटली. सात महिन्यांनी एका विभागाची डिस्क गेली. परत आणायला बसलो तर पत्रांच्या नमुन्यांचं "टेंप्लेट्स" फोल्डर नाही. "टेंपरेचर" नावाचं फोल्डर नाही, त्यात चार वर्षांच्या तापमानाच्या नोंदी होत्या. नियमाने सांगितलं तेवढंच इमानदारीने केलं होतं. नोंदींपैकी बऱ्याचशा एकाच्या जुन्या लॅपटॉपवर सापडल्या म्हणून नोकरी राहिली. त्यानंतर मी दोन्हीकडे तारा असलेला नियम लिहिलेला नाही.

आता तुमचे ३.७ जीबी. विसरलो नाही. मधलं फोल्डर राहिलंय: "फाइल्स नॉट टू स्नॅपशॉट". हे व्हिस्टापासून आलं. दिसायला पहिल्यासारखंच, पण काम फार निराळं. पहिली यादी बॅकअप प्रोग्राम वाचतो. ही यादी खुद्द शॅडो कॉपी बनवणारं विंडोज वाचतं. स्नॅपशॉट तयार झाला की तो प्रोग्रामच्या हाती देण्याआधीच या यादीतल्या फाइली त्याच्यातून पुसल्या जातात. मूळ डिस्कवर फाइल जागेवर असते, गोठवलेल्या प्रतीत ती नसते. बॅकअप प्रोग्राम वाचतो ती प्रतच. त्याच्या दृष्टीने अशी फाइल जन्मालाच आलेली नाही, मग तो लॉगमध्ये काय लिहिणार?

हे का करतात तेही सांगतो. स्नॅपशॉट असताना मूळ डिस्कवर काही बदललं तर बदलाआधीचा १६ केबीचा तुकडा बाजूला नेऊन ठेवावा लागतो. दिवसभर खदखदणारी मोठी फाइल स्नॅपशॉटमध्ये राहिली तर ते बाजूचं कोठार फुगत जातं. म्हणून अशा फाइली आधीच काढून टाकायची सोय.

तर ते मधलं फोल्डर उघडा, ओळी वाचा, आणि तिथल्या मार्गांवर तुमच्या डिस्कवर काय आहे ते बघा. माझा अंदाज आहे, पण तुम्हीच सांगा.

थोडा फरक इतरही असेल. फाइलींची नोंदवही, म्हणजे एमएफटी, डिस्कवर जागा खाते पण फाइल म्हणून मोजली जात नाही. दर फाइलीमागे साधारण १ केबी. आणि तुमच्या चिमुकल्या फाइली, मजकूर ५ केबी असला तरी ४ केबीचे दोन क्लस्टर अडवतात. किरकोळ वाटतं, पण लाखांनी गुणा.

काळी खिडकी

किल्लीकाकांनी विंडोजचं सगळं सांगितलं, आता लिनक्सवाल्यांची कैफियत ऐका. आमच्याकडे असली एकच यादी नाही. कोणी सुचवत नाही, कोणी विचारत नाही. सगळं तुमच्या अकलेवर.

मी पहिल्यांदा मुळापासून, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेपासून, अख्खी सिस्टिम कॉपी करायला घेतली तेव्हा अंदाजे वेळ बघून चाट पडलो. शोधल्यावर कळलं, प्रॉक फोल्डरात केकोअर नावाची एक फाइल आहे, तिचा आकार १२८ टीबी. माझी डिस्क अर्धा टीबीची. ती फाइल डिस्कवर नसतेच, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आपल्या मेमरीचा पत्ता तिथे फाइलीचं सोंग देऊन दाखवतो. प्रॉकमधल्या बाकीच्या बहुतेक फाइली शून्य बाइट म्हणतात आणि उघडल्यावर मजकूर देतात. सिस फोल्डरातल्या ४०९६ बाइट म्हणतात आणि वाचल्यावर एखादा आकडा निघतो. कर्नलचे निरोप देणारी केएमसग वाचायला गेलात तर पुढचा निरोप येईपर्यंत प्रोग्राम तिथेच ताटकळतो. म्हणून प्रॉक, सिस, डेव्ह, रन ही चार नावं प्रत्येक लिनक्सवाल्याच्या नियमात असतात. टेंप पाचवं.

नावं लिहायची नसतील तर दुसरी युक्ती, "एकाच फाइल सिस्टिमवर राहा". फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकमध्ये त्यासाठी एक्सचा पर्याय आहे, टार, बोर्ग आणि रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामांमध्ये तोच लांब नावाने. प्रत्येक फाइलीबरोबर ती कुठल्या उपकरणावर आहे त्याचा क्रमांक असतो. क्रमांक बदलला की उंबरठा आला, आत जायचं नाही. प्रॉक आणि सिस यांचे क्रमांक निराळे, त्यामुळे ते आपोआप गळतात. ही युक्ती मला फार आवडते. एवढी आवडते की तिने मला एकदा तोंडावर पाडलं.

डिस्कवर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम होती. त्यात एकाच डिस्कवर उपखंड करता येतात, आणि दर उपखंडाचा उपकरण क्रमांक वेगळा दिसतो. माझं होम, म्हणजे माझ्या सगळ्या फाइलींचं फोल्डर, हा वेगळा उपखंड. फेडोरा २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर आपणहून असंच करून देतं, म्हणजे मी काही विचित्र मांडणी केली नव्हती. आरसिंक होमच्या उंबरठ्यापर्यंत आला, क्रमांक वेगळा दिसला, एक रिकामं फोल्डर बनवलं आणि पुढे गेला. बॅकअपमध्ये होम "होतं". आत काही नव्हतं. मी दोन महिने त्या रिकाम्या फोल्डराकडे बघून समाधानी होतो.

उलटंही होतं. बाइंड माउंट केलेलं, म्हणजे दुसऱ्या जागीही जोडून दाखवलेलं, फोल्डर त्याच डिस्कवरचं असेल तर क्रमांक तोच, त्यामुळे ते दोनदा कॉपी होतं.

एक चांगली गोष्टही सांगतो. ब्रायन फोर्ड यांनी सुचवलेली एक साधी पद्धत आहे. फोल्डरात कॅशडिर डॉट टॅग नावाची फाइल ठेवायची, तिच्या सुरुवातीला ठरलेली ४३ अक्षरांची सही. टार, बोर्ग, रेस्टिक यांना "कॅश वगळा" म्हटलं की ते ही सही बघून त्या फोल्डरातलं सामान सोडतात. नुसतं फाइलीचं नाव जुळून चालत नाही, सही जुळावी लागते. म्हणजे किल्लीकाकांच्या "टेंपरेचर"सारखी गंमत इथे होणार नाही. ज्याने फोल्डर बनवलं त्यानेच सांगायचं की हे पुन्हा बनवता येईल. रस्ट भाषेचा कार्गो हा प्रोग्राम आपल्या टार्गेट फोल्डरात ही फाइल आपणहून टाकतो, आणि ते फोल्डर कसं फुगतं ते रस्टवाल्यांना विचारा. बाकीचेही टाकतील तर किती बरं.

अर्धविराम

मॅकवर यातलं दोन्ही आहे. २००७ पासूनचं टाइम मशीन, म्हणजे मॅकचा स्वतःचा बॅकअप, एक ठरलेली यादी बाळगतं. त्यात झोपेची इमेज, स्वॅप, कॅश वगैरे. शिवाय प्रत्येक फाइलीला स्वतःची खूण लावता येते, "मला घेऊ नका" अशी. ही खूण फाइलीला चिकटलेली असते, फाइल कुठेही हलवा, खूण सोबत जाते.

आमच्याकडे हेच नडलं. एका व्हर्च्युअल मशीनच्या प्रोग्रामने आपल्या ६० जीबीच्या डिस्क फाइलीला ती खूण लावली होती. बॅकअपमध्ये दिसत नाही म्हणून मी ती डॉक्युमेंट्समध्ये नेली. तरी नाही. डेस्कटॉपवर नेली. तरी नाही. शेवटी टर्मिनलमध्ये टीएमयूटिलला (टाइम मशीनची आज्ञा) "इज एक्सक्लुडेड" विचारलं तर "एक्सक्लुडेड" असं एका शब्दात उत्तर. तीन आठवडे मी जागा बदलत होतो आणि फाइल कपाळावर पाटी घेऊन फिरत होती.

मॅकच्या बिग सर आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, टाइम मशीन सिस्टिमचा भाग घेतच नाही. तो सीलबंद वेगळा खंड असतो, सगळ्यांच्या मॅकवर अक्षरशः सारखा, लागला तर नव्याने उतरवायचा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोणत्या फाइली वगळायच्या? सगळ्या. वाद मिटला.

सरळसोट

किल्ली, क्लस्टरचं मान्य. पण मग मी डिस्कची इमेज घेतो त्याचं काय? ती तर डिस्क जशीच्या तशी उचलते ना? मग तिथे कसली यादी?

गंजलेली किल्ली

जशीच्या तशी नाही. इमेजवाले फाइली बघत नाहीत, कोणते क्लस्टर वापरात आहेत त्याचा नकाशा बघतात आणि रिकामे सोडतात. मग बरेचसे प्रोग्राम आणखी एक हुशारी करतात: पेजफाइल आणि हायबरफिल डिस्कवर नेमक्या कुठे पसरल्यात ते काढून तेवढे क्लस्टरही टाळतात. परत आणल्यावर फाइल नावाने आणि आकाराने दिसते, आत काही नसतं. "फाइल्स नॉट टू बॅकअप" मात्र अशा पद्धतीत सहसा पाळता येत नाही, कारण तिथे फाइल नावाची गोष्टच विचारात नसते.

पण लक्षात घ्या, इमेजही बहुधा शॅडो कॉपीतूनच घेतली जाते. म्हणजे मधली यादी तुम्हालाही लागू. तुमची इमेज उघडून एकदा बघाच.

मध्यरात्र

सगळ्यांचे आभार. बघितलं. लिहिते सविस्तर, कारण हात अजून थोडे थरथरतायत.

आधी चौकटीची टिक काढून एक बॅकअप घेतला. टेंप आणि सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन आत आले. पेजफाइल, हायबरफिल आणि ते कुलूपबंद फोल्डर तरीही बाहेरच. म्हणजे किल्लीकाका म्हणतात तो पोटातला थर. हरवलेले ३.७ जीबी टिक काढूनही हरवलेलेच.

मग "फाइल्स नॉट टू स्नॅपशॉट" उघडलं. त्यात आउटलुकच्या नावाने एक ओळ: वापरकर्त्याच्या ॲपडेटामधलं आउटलुकचं फोल्डर, त्यातल्या ओएसटीने संपणाऱ्या सगळ्या फाइली. तिथे गेले. माझी ओएसटी फाइल, २.९ जीबी. बॅकअपमध्ये तेच फोल्डर उघडून बघितलं. फोल्डर आहे, फाइल नाही.

उरले ०.८ जीबी. ते एमएफटी आणि चिमुकल्या फाइलींच्या शेपटांच्या खाती टाकते. माझ्या डिस्कवर सव्वाचार लाख फाइली निघाल्या, त्यामुळे जुळतंय असं वाटतं.

पण किल्लीकाका, ओएसटी म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत ना? मग ती गेली तरी पुन्हा उतरेल. हात थरथरायचं कारण नसावं, बरोबर?

गंजलेली किल्ली

माझा अंदाज तोच होता.

आता सांगा, खातं कसलं आहे? एक्स्चेंजचं (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) की आयमॅपचं (सर्व्हरवरचं मेल वाचायची सर्वसाधारण पद्धत)? आणि तुम्ही आउटलुकचं कॅलेंडर वापरता का?

विचारण्याचं कारण असं. ती ओळ लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक्स्चेंज होतं. तिथे मेल, कॅलेंडर, पत्ते, सगळं सर्व्हरवर असतं आणि ओएसटी ही निव्वळ प्रत. त्या काळी आयमॅपची खाती पीएसटी फाइलीत, म्हणजे आउटलुकच्या स्वतंत्र साठवणीच्या फाइलीत, राहायची आणि पीएसटी कोणी वगळत नव्हतं. २०१३ च्या आउटलुकपासून आयमॅपही ओएसटीत गेलं. पण आयमॅपला कॅलेंडर कळत नाही, त्याला फक्त मेल कळतं. त्यामुळे कॅलेंडर आणि पत्त्यांच्या फोल्डरांपुढे कंसात "धिस कम्प्युटर ओन्ली" असं लिहिलेलं असतं. ते शब्दशः खरं आहे. ते त्या ओएसटीत असतं आणि जगात दुसरीकडे कुठेही नसतं. नियम जागचा हलला नाही, त्याच्या खालची जमीन हलली.

मध्यरात्र

आयमॅप.

कॅलेंडर वापरते. सहा वर्षांच्या कामांच्या मुदती, कोणाचं काम कधी पोचवलं, कोणाचे पैसे आले, कोणाचे यायचेत, सगळं तिथे. आत्ता डावीकडे बघितलं. कंसात ते तीन शब्द आहेत. सहा वर्षं रोज डोळ्यांसमोर होते, मला वाटलं ही काहीतरी सजावट असेल.

ती ओळ रजिस्ट्रीतून उडवू का?

गंजलेली किल्ली

नको. उडवलीत आणि ओएसटी बॅकअपमध्ये आली तरी पुढे अडचण आहे. ओएसटी ज्या प्रोफाइलने बनवली त्याच्याशी बांधलेली असते. नव्या मशीनवर नेऊन "उघड" म्हटलं तर आउटलुक सरळ उघडत नाही. म्हणजे फाइल हातात आणि आतलं दूर. शिवाय दिवसभर तिच्यात खळबळ असते, कोठार फुगेल ते वेगळंच.

त्यापेक्षा आउटलुकमधून कॅलेंडर आणि पत्ते पीएसटीमध्ये एक्स्पोर्ट करा. ती डॉक्युमेंट्समध्ये ठेवा. पीएसटी तुमच्या कोणत्याही यादीत नाही, मघाशी तुम्हीच बघितल्यात याद्या. आउटलुकने उघडी धरली असली तरी शॅडो कॉपीतून येते. दर महिन्याला एकदा हाताने करावं लागेल. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. दुसरा उपाय, कॅलेंडर सर्व्हरवर ठेवणाऱ्या खात्यात हलवा, मग हे सगळंच टळेल.

आणि टिक परत लावा. टेंपचे ३.६ जीबी कशाला वागवता?

काळी खिडकी

एक्स्पोर्ट केल्यावर पीएसटी दुसऱ्या मशीनवर उघडून बघा बरं का, मध्यरात्रताई. मी दोन महिने रिकाम्या फोल्डराकडे बघून खूश होतो हे वर लिहिलंच आहे.

मध्यरात्र

केलं. पीएसटी १४ एमबीची निघाली. सहा वर्षं, १४ एमबी! २११ जीबीतले. भावाच्या लॅपटॉपवर उघडली, मुदती दिसतायत, पहिल्या वर्षीची एक थकबाकीसुद्धा दिसली जी मी विसरूनच गेले होते.

टिक परत लावली. काल रात्रीचा बॅकअप १६८ जीबी. लॉगमध्ये "घेतलं"च्या खाली पीएसटीचं नाव शोधून ठेवलंय, चौथ्या पानावर आहे.